नकाशातून खरवडलेली बोडी

बेलझरी तुकूम,
९ सप्टेंबर १९८४

देवाजी,

जय भीम. हे दोन शब्द रागातही टाळायचे नसतात, म्हणून लिहिले. 'अनेक आशीर्वाद' मात्र लिहीत नाही. आज त्यासाठी हात उठत नाही.

परवा शुक्रवारी मी तहसील कचेरीत गेले होते. पोळ्यापासून पावसाचा थेंब नाही. धान पोटरीत आलंय आणि बांध्यांतल्या जमिनीला पाय जाईल एवढ्या भेगा पडल्यात. आपली बोडी अजून अर्धी भरलेली आहे, पण तिचं पाणी आपल्याला नाही. पाणी सोडायच्या तुडुमाजवळ गुणवंतरावाचे दोन गडी काठ्या घेऊन बसतात. मालगुजार पाटलाचा नातू गुणवंतराव. तो चौथीपर्यंत तुझ्याच वर्गात होता, तो आत आणि तू पडवीत. तो आता म्हणतो की बोडी त्याच्या आजोबानं खोदली. "पह्यलं पाणी माह्या धानाले, उरलं तं तुमाले." आजपर्यंत उलटं होतं. पहिलं पाणी आपल्या नऊ घरांच्या बांध्यांना, मग खाली त्याच्या शेताला. हे आपल्या बापूजींनी कधी कुणाकडे मागितलं नव्हतं, ते होतंच.

म्हणून नऊ घरांनी अर्ज केला. बालवाडीची बाई म्हणून लिहिणारी मी, आणि बोलणारीही मीच.

तहसीलदारांनी टेबलावर नवा नकाशा पसरला. दोन वर्षांपूर्वी नवा जिल्हा झाला, तेव्हा केलेला. आपल्या गावाचा नकाशा मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. काय बारीक काम आहे! पाटलाची आमराई लिहिलेली. गोंडांच्या देवाचं ठाणं लिहिलेलं. नाल्यापलीकडची ती उजाड रिठी, जिथे शंभर वर्षांत चूल पेटली नाही, तिचंसुद्धा नाव लिहिलेलं. आणि आपल्या बोडीच्या जागी निळी रेघ आणि आत तीन अक्षरं, 'तलाव'. कुणाचा, कुठला, काही नाही.

मी खाली कोपऱ्यात पाहिलं. 'आरेखक: दे. सो. उके.'

देवाजी, शंभर माणसं नकाशे काढत असतील तुझ्या ऑफिसात, आणि आपल्या गावाचा कागद तुझ्याच हाताखाली यावा? आला तर आला, तुझ्या हातून नाव सुटावं? तू तर ते नाव ऐकतच मोठा झालास. ज्या गावात कुणी राहत नाही त्याचं नाव राहिलं, आणि आम्ही नऊ घरं जितीजागती इथे आहोत तर आमचं गेलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, ते मी बालवाडीत पोरांना सांगत होते. आता माझ्याच घरात दांडा निघाला.

बाकी कचेरीत काय झालं ते लिहिण्यासारखं नाही. पुढची तारीख अठ्ठावीसची आहे. तोवर धान थांबेल की नाही ते त्या गुणवंतरावालाच विचार.

तू काय केलंस आणि का केलंस ते उलटटपाली लिही. सणाला पाठवतोस तसलं चार ओळींचं कार्ड नको.

मनकर्णा


बेलझरी तुकूम,
१८ सप्टेंबर १९८४

देवाजी,

तुझं पत्र आलं. चुकून सुटलं असं लिहिलं असतंस तर मी चारदा शिव्या घालून गप्प बसले असते. तू खरं लिहिलंस आणि माझं डोकंच फिरलं.

म्हणजे जुन्या नकाशावरून तू नाव उतरवून घेतलं होतंस. शाईनं, नीट. मग शेजारच्या टेबलावरच्या माणसानं मान वळवून मोठ्यानं वाचलं, 'म्हारबोडी', आणि हसून विचारलं, "काय उके, ही तुमचीच का?" आणि तू नाही म्हणालास. तो चहाला गेल्यावर दाढीचं पातं काढलंस आणि नाव खरवडून काढलंस. खरवडलेल्या जागी नकाशाचं कापड खरखरीत झालं, ते बोटानं घासून गुळगुळीत केलंस, आणि 'तलाव' लिहिलंस.

एवढं बारकाईनं कशाला लिहिलंस मला? माफी हवी म्हणून? नाही मिळणार.

तू लिहितोस, "बाई, ते नाव म्हणजे शिवी आहे. छप्पन साली आपण सगळे बुद्धाच्या वाटेनं आलो, मग ती शिवी सरकारी कागदावर कशाला ठेवायची?" वा रे शहाण्या! मला शिकवतोस? त्या नावाची आग मला तुझ्याहून जास्त माहीत आहे. त्या बोडीचं पाणी मालगुजाराच्या धानाला चालायचं, पण त्याच्या घागरीला चालायचं नाही. त्याच्या घरच्या बायका नव्या सुनेला पाळीवरून, बोडीच्या मातीच्या बांधावरून, बोट दाखवून सांगायच्या, "ते म्हारबोडी, तिकडं घागर नोको नेऊ." नाव आपण ठेवलंच नव्हतं. त्यांनी ठेवलं, आपला विटाळ लागू नये म्हणून. पण ठेवताना त्यांच्याच तोंडून खरं निघून गेलं की ही बोडी खोदली कुणी.

बापूजी आपल्याला पाळीवरून हात धरून फिरवायचे ते विसरलास? शिवाराची नावं ऐकवायचे. देवाचं ठाणं आहे तिथे पहिले गोंड आले. कोहळ्याचा पाट आहे तिथे कोहळी आले, पाण्याची जाण घेऊन. तेलंग्याची बांधी म्हणजे गोदावरीकडून आलेला एक माणूस, ज्याचं पुढे काय झालं ते कुणालाच ठाऊक नाही, पण बांधी त्याचीच राहिली. आणि गावाच्या नावातलं तुकूम. जंगल तोडून, बोडी खोदून जो गाव बसवील त्याला राजानं दिलेली जमीन म्हणजे तुकूम, असं बापूजी सांगायचे. "आपल्याजवळ कागद नाई रे पोट्टेहो," म्हणायचे, "आपल्याजवळ नाव हाय. ते जपजा." पाटलाची आमराई सगळ्यात शेवटी आली, आपल्या आजाच्या डोळ्यांदेखत. आज नकाशावर आमराई आहे आणि आपण नाही.

आणि टोपल्या? त्याही विसरलास? दर वैशाखी पौर्णिमेला पाळीवर घरटी पाच टोपल्या माती पडते. जुनी माणसं अक्षयतृतीयेला टाकायची. धम्म घेतल्यावर दिवस बदलला, माती तीच राहिली. पहिली टोपली झिंगूच्या नावानं, ज्यानं पहिली कुदळ मारली त्या आपल्या पणज्याच्या. मग खोदणाऱ्या बाकीच्यांची नावं घेत एकेक टोपली. बापूजी गेल्यावर तू एका दिवसासाठी आलास आणि सांजेच्या गाडीनं परत गेलास. त्या वर्षापासून तुझ्या पाच टोपल्या मी टाकते आहे. माझ्या पाच आणि तुझ्या पाच. लोक विचारतात तर सांगते, त्याला रजा मिळत नाही.

हरिदासच्या घरचं लवकर येणारं हलकं धान वाळून गेलं. परवा त्यानं बैल बांधीत सोडले, चरा म्हणाला. त्याची बायको बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसून होती. उशिरा येणारं भारी धान अजून तग धरून आहे, किती दिवस ते माहीत नाही.

अठ्ठावीस तारखेला ये आणि तहसीलदारांपुढे सांग, "नाव होतं, मी खरवडलं." नोकरीचं काय होईल ते मला कळतं. मी ते कळूनच मागते आहे.

मनकर्णा


बेलझरी तुकूम,
२४ सप्टेंबर १९८४

देवाजी,

तुझं उत्तर आलं नाही. येणारही नाही, मला वाटतंच होतं. तुझ्या दोन पोरांच्या फिया, भाड्याची खोली, आणि घरमालकाला सांगितलेलं भलतंच आडनाव, हे सगळं मला न लिहिताही कळतं.

हे पत्र मी पाठवणार नव्हते. दोन दिवस लिहून पेटीत ठेवलं होतं. पण तुला खरं लिही म्हणाले आणि स्वतः अर्धवट लिहिलं, म्हणून आज ते पेटीतून काढलं.

त्या शुक्रवारी कचेरीत काय झालं ते आता ऐक.

तहसीलदार माणूस वाईट नव्हता. त्यांनी नकाशा बाजूला सारला आणि मला म्हणाले, "बाई, नव्या नकाशात नाव नाही, पण जुन्या बंदोबस्ताचं, म्हणजे इंग्रजांच्या वेळच्या जमीनमोजणीचं, रेकॉर्ड आहे. पाण्याचा हक्क त्यात लिहिलेला असतो. ते नावानं लावलेलं असतं. तुमच्या बोडीचं नाव सांगा, मी आत्ता काढायला लावतो."

खोलीत गुणवंतराव होता, त्याचा वकील होता. चार कारकून होते. दाराशी आणखी पाच-सहा माणसं, आपापल्या तारखांना आलेली. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी तिथली शिकलेली बाई, इस्त्रीचं पातळ नेसून आलेली, मघाशीच एका कारकुनानं मला 'मॅडम' म्हटलेलं.

मी म्हटलं, "मोठी बोडी."

कारकून आत गेला, घटकाभरानं बाहेर आला. "साहेब, बेलझरीत मोठी बोडी नावाची बोडीच नाई रेकॉर्डात." गुणवंतराव हसला. त्याला नाव माहीत होतं रे! तो माझ्याकडे बघत होता, ही म्हणते का आपल्या तोंडानं ते. त्याला ठाऊक होतं मी म्हणणार नाही. तहसीलदारांनी पुन्हा विचारलं, "दुसरं काही नाव?" मी नाही म्हटलं.

माझ्यामागे रुखमाआत्या उभी होती, ऐंशी वर्षांची. तिनं माझं पातळ ओढलं आणि कानाशी म्हणाली, "काऊन बोलत नाई वो? सांग ना." मी तिचा हात झटकला. सगळ्यांसमोर झटकला.

म्हणजे तू पात्यानं केलंस ते मी तोंडानं केलं. तुला एकच माणूस हसला होता, मला दहा बघत होते, एवढाच फरक. बालवाडीच्या भिंतीवर मी गावाचं चित्र काढलंय, त्यातही 'मोठी बोडी'च लिहिलंय, सहा वर्षं झाली. पोरं तेच शिकली. तुझ्यावर मी एवढी का ओरडले ते आता तुला कळलं असेल. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावलं तरी कुणाला सांगायचं.

पण यानं तुझं माप कमी होत नाही. माझा गुन्हा मी येत्या शुक्रवारी निस्तरते. तुझ्या गुन्ह्याचं काय?

खरवडल्याची कबुली दिलेली तुझी ती चिठ्ठी मी पिशवीत घेऊन जाणार आहे. रेकॉर्डात कागद निघाला नाही तर ती तहसीलदारांच्या टेबलावर ठेवीन. मागून कळण्यापेक्षा आधीच सांगते.

मनकर्णा


बेलझरी तुकूम,
२९ सप्टेंबर १९८४

देवाजी,

तू आला नाहीस. एस.टी. येऊन उभी राहिली तेव्हा मी दोनदा बाहेर जाऊन पाहिलं. त्या मूर्खपणाचा राग वेगळा.

खोली तीच होती, गर्दी जास्त. गुणवंतरावानं आमराईतल्या चार माणसांना साक्षीला आणलं होतं. त्यांनी सांगितलं की हा पाटलाचा तलाव. एकानं तर 'बापजाद्यापासून' म्हटलं, आणि त्याचा बाप आमच्याच पाण्यावर धान पिकवत होता.

तहसीलदारांनी मला विचारलं, "बाई, तुमचं काही सांगायचं आहे?"

मी उभी राहिले. मी म्हटलं, "साहेब, मागच्या वेळी मी नाव चुकीचं सांगितलं. लाज वाटली म्हणून सांगितलं. आमच्या बोडीचं नाव म्हारबोडी आहे. ते आम्ही ठेवलं नाही, यांच्या घरच्यांनी ठेवलं. पण खोदली आम्ही, म्हणून ठेवलं. आता रेकॉर्ड काढा."

कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील. एक कारकून मान खाली घालून टाक पुसत बसला. तोही आपल्यातलाच असावा.

कारकून आत गेला. या खेपेला त्याला फार वेळ लागला नाही. पिवळा पडलेला कागद, कडांना वाळवी. तहसीलदारांनी मोठ्यानं वाचलं. मौजा बेलझरी तुकूम, म्हारबोडी, पाण्याची पहिली पाळी खोदणाऱ्यांच्या नऊ बांध्यांस, नंतर मालगुजाराच्या जमिनीस. आणि खाली नावं.

त्यांनी पहिलं नाव वाचलं, "झिंगू." आणि रुखमाआत्यानं मागून पुढचं नाव घेतलं, त्यांनी वाचायच्या आधी. मग त्याच्या पुढचं. टोपल्यांचा क्रम तिला तोंडपाठ. तहसीलदार बोटानं ओळ धरून बसले आणि ही म्हातारी एकेक नाव सांगत गेली, नवव्यापर्यंत. कागदातलं आणि तिच्या तोंडातलं एकसुद्धा चुकलं नाही. त्यांनी चष्मा काढून तिला विचारलं, "आजी, तुम्हाला वाचता येतं?" ती म्हणाली, "नाई जी. मले माती टाकता येते."

गुणवंतरावाचा वकील काही बोलायला उठला आणि बसला. गुणवंतराव माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाला, "म्हनलं ना आखरीले, आपल्याच तोंडानं." मी म्हटलं, "हो, म्हटलं. आता तुमी बी म्हना, पाणी मागाले येसान तवा."

आज पहाटे तुडूम उघडलं. हरिदासचं काही वाचलं नाही, पण बाकीच्यांचं भारी धान वाचेल. पाणी पहिल्या बांधीत शिरताना भेगांतून बुडबुडे येत होते आणि हरिदासची बायको, जिचं सगळं गेलं, ती फावडं घेऊन दुसऱ्याच्या बांधीला वाट करून देत होती. ते पाहून मला रडू आलं. तू असायला हवा होतास असंही वाटलं, आणि तसं वाटल्याचाही राग आला.

तुझी चिठ्ठी बाहेर काढावी लागली नाही. ती चुलीत घातली. तुझ्यावर उपकार म्हणून नाही. दुसऱ्या कुणाच्या हाती पडली असती तर आपलंच हसं झालं असतं.

पण तू सुटलेला नाहीस. तहसीलदारांच्या हुकुमात शेवटी लिहिलंय की नव्या नकाशात बोडीचं जुनं नाव दाखल करून दुरुस्ती करावी. तो कागद तुझ्याच ऑफिसात येईल आणि आमच्या भागाचं काम तुझ्याकडे आहे, म्हणजे तुझ्याच टेबलावर. शेजारचा तो माणूस अजून तिथेच बसत असेल. तो मान वळवील आणि वाचील. त्याला काय सांगायचं ते तू ठरव. आजारपणाची रजा टाकून काम दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं असेल तर तेही तुझ्या हातात आहे. मला फक्त अक्षर दिसेल, आणि तुझं अक्षर मी ओळखते. पाटीवर गिरवून मीच शिकवलंय ते.

मनकर्णा


बेलझरी तुकूम,
६ मे १९८५

देवाजी,

दुरुस्त नकाशाची प्रत पंचायतीत आली. सरपंचानं मला बोलावून दाखवली. निळी रेघ, आणि आत नाव. पहिल्यापेक्षा मोठं, काळ्या शाईत, ठसठशीत. 'म'ची गाठ तू लहानपणापासून जास्त फुगवतोस, इथेही फुगवलीस. कितीतरी वेळ मी बोट ठेवून होते. जागा अजून खरखरीत असेल असं उगीच वाटलं. कागद गुळगुळीत होता.

त्या माणसाला तू काय सांगितलंस ते लिहिलं नाहीस. विचारतही नाही.

बालवाडीच्या भिंतीवरचं मी पुसून पुन्हा लिहिलं. एका पोरानं विचारलं, "बाई, हे नाव काऊन असं?" मी त्याला सगळं सांगितलं. पोर ऐकत बसलं आणि शेवटी म्हणालं, "मंग आमची टोपली कोन्त्या नावाची?" रुखमाआत्याकडे पाठवलं त्याला.

राग गेला असं समजू नकोस. सहा वर्षं तू आला नाहीस, त्याचा अजून आहे. पण परवा वैशाखी पौर्णिमा झाली. नऊ घरांनी माती टाकली, रुखमाआत्या पाळीवर बसून नावं सांगत होती, दम लागत होता तरी कुणाला मध्ये बोलू देत नव्हती. मी माझ्या पाच टोपल्या टाकल्या आणि टोपली झाडून ठेवली. लोकांनी विचारलं, "देवाजीच्या?" या वर्षी रजेचं सांगितलं नाही. म्हटलं, त्याच्या तो टाकील.

पाच टोपल्यांची माती खणून पाळीखाली ढीग करून ठेवली आहे. मृग लागला की वाहून जाईल. त्याच्या आत ये.

तुझी बहीण,
मनकर्णा